हॅक्सॉ ब्लेड निवडायचे कोणी?



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण या प्रश्नांवर आपल्या पानात नेहमी लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. या वेळी मात्र आम्ही एका लहान वस्तूबद्दल लिहिणार आहोत. ती वस्तू म्हणजे लोखंड कापायचे हॅक्सॉ ब्लेड. कोणी त्याला एक्सा ब्लेड म्हणतो, कोणी नुसते पाते म्हणतो. वस्तू थोड्या पैशांची, म्हणून साहेबांचे तिच्याकडे लक्ष जात नाही आणि युनियनच्या मागणीपत्रकातही ती सहसा येत नाही. परंतु कार्यशाळेतील फिटर, कॅरेज-वॅगन डेपोतील तंत्रज्ञ, सिग्नलचा मेंटेनर, लाइनवरील ट्रॅकमन, पोस्टाच्या मेल मोटर सर्व्हिसमधील मेकॅनिक, या सर्वांच्या हाती ती येते. ती वाईट निघाली तर काम अडते ते यांचेच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ब्लेडची खरी किंमत बिलावर लिहिलेली नसते. एका कापाला किती पैसे, किती वेळ आणि किती मेहनत लागली यावरून ती ठरते. हा हिशेब कापणाऱ्यालाच कळतो. म्हणून ब्लेडची निवड करताना कापणाऱ्याचे मत घेतले गेलेच पाहिजे.

काही जण म्हणतील, आता ग्राइंडर आले, डिस्कने रूळ कापणारी यंत्रे आली, हॅक्सॉची आठवण कशाला? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी चालत नाही. केबलच्या चरात ग्राइंडर फिरवला तर शेजारची चालू केबल कापली जाण्याची धास्ती असते. दोन स्टेशनांच्या मध्ये जिथे वीज नाही तिथे गंजून बसलेला बोल्ट कापायचा असतो. डब्याखाली पिटमध्ये अवघडून पाइप कापायचा असतो. अशा ठिकाणी शेवटी हातातला हॅक्सॉच उपयोगी पडतो.

आता खरेदी कशी होते ते पाहू. आम्ही अनेक ठिकाणची मागणीपत्रे पाहिली आहेत. त्यांत बहुधा एवढेच लिहिलेले असते : 'हॅक्सॉ ब्लेड, 12 इंची, नग अमुक.' धातू कोणता, दाते किती, कडक हवे की लवचिक, याचा उल्लेख नाही. मग निविदा निघो किंवा 2016 साली सुरू झालेल्या सरकारी 'जेम' पोर्टलवरून खरेदी होवो, वर्णनात जे बसते त्यातले सर्वांत स्वस्त ते येते. यात भांडारातील बाबूला दोष देऊन उपयोग नाही. कागदावर जे मागितले तेच त्याने आणले. दोष मागण्याच्या पद्धतीत आहे.

पुढे काय होते ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. नवे पाते चार हात मारले की घसरू लागते. कामगार दुकानातून स्वतःच्या पैशाने एक चांगले ब्लेड आणतो, कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि सरकारचे काम त्याने उरकतो. ज्याला पगार कामाचा मिळतो त्याने हत्यारही पदरचे आणायचे, हा कुठला न्याय?

मागणी नीट करायची तर वस्तूची माहिती आपल्याजवळ हवी. म्हणून थोडे तांत्रिक लिहितो.

पहिली गोष्ट धातूची. साध्या कार्बन स्टीलचे पाते स्वस्त असते. मऊ लोखंडावर ते चालते, पण घासून तापले की त्याचे पाणी उतरते आणि दाते बसतात. हायस्पीड स्टीलचे पाते तापले तरी कडकपणा सोडत नाही, म्हणून कठीण पोलादावर ते टिकते. तिसरा प्रकार बाय-मेटलचा. यात पाठ लवचिक स्प्रिंग पोलादाची असते आणि दात्यांची कड हायस्पीड स्टीलची जोडलेली असते. दाते कठीण राहतात आणि पाते वाकले तरी सहजासहजी मोडत नाही.

दुसरी गोष्ट कडकपणाची. काही पाती पूर्ण कडक असतात. ती सरळ कापतात, पण जरा तिरपा जोर पडला की काचेसारखी तुटतात. व्हाइसमध्ये काम घट्ट धरलेले असेल आणि हात सराईत असेल तिथेच ती द्यावीत. पिटमध्ये, शिडीवर, खांबावर किंवा नव्या ॲप्रेंटिसच्या हाती लवचिक किंवा बाय-मेटलचेच पाते हवे. तुटलेल्या पात्याचा तुकडा डोळ्याकडे उडतो आणि जोरात पुढे गेलेली बोटे धारदार कडेवर आपटतात. याला निव्वळ कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून नोंदणे सोपे असते. पण चुकीच्या जागी चुकीचे पाते कोणी दिले, हेही त्या नोंदीत आले पाहिजे.

तिसरी गोष्ट दात्यांची. हाताच्या ब्लेडला एका इंचात 14, 18, 24 किंवा 32 दाते असतात. जाड आणि मऊ कामाला 14, नेहमीच्या कामाला 18, पाइप आणि अँगलला 24, पातळ पत्रा आणि वायरिंगच्या कन्ड्यूटला 32, असा साधारण नियम आहे. त्यामागचे कारण सोपे आहे. कापताना एका वेळी निदान दोन-तीन दाते धातूवर टेकले पाहिजेत. 18 दात्यांच्या पात्यात दोन दात्यांमधील अंतर सुमारे 1.4 मिलिमीटर असते. त्याने दीड मिलिमीटरचा पत्रा कापू गेलात तर जेमतेम एकच दाता टेकतो, तो पत्र्याच्या कडेत अडकतो आणि मोडतो. एक दाता मोडला की शेजारचे मोडायला वेळ लागत नाही. 32 दात्यांच्या पात्यात हेच अंतर सुमारे 0.8 मिलिमीटर असते. म्हणजे भांडारात एकाच प्रकारचे ब्लेड असणे ही बचत नसून नासाडी आहे.

रेल्वेत हा प्रश्न आता अधिक तीव्र झाला आहे. जर्मन बनावटीचे एल.एच.बी. डबे 2000 साली आपल्याकडे आले. जुन्या आय.सी.एफ. पद्धतीच्या डब्यांची बांधणी 2018 साली थांबली. एल.एच.बी. डब्याच्या सांगाड्यात स्टेनलेस स्टीलचा मोठा वापर आहे. या धातूचा एक गुण असा की त्यावर पाते नुसते घासत राहिले, कापले नाही, तर तो त्या जागी आणखी कठीण होतो. बोथट किंवा साध्या कार्बन स्टीलच्या पात्याने त्यावर कितीही घाम गाळा, खाच चकचकीत होते, खोल जात नाही. तिथे हायस्पीड स्टीलचे किंवा बाय-मेटलचे पाते, सावकाश गती आणि पुढे जाताना सारखा दाब हवा. डबे बदलले, धातू बदलला. मागणीपत्रावर मात्र तीच जुनी ओळ उतरवली जाते.

आता पैशाचा हिशेब. पुढचे आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, स्वस्त ब्लेड 10 रुपयांचे आहे आणि 25 मिलिमीटरच्या सळईचे 4 काप झाले की ते संपते. चांगले ब्लेड 40 रुपयांचे आहे आणि त्यात 25 काप होतात. 25 कापांना स्वस्तातली 7 पाती लागतील, म्हणजे 70 रुपये. चांगले एकच पुरेल, म्हणजे 40 रुपये. शिवाय बोथट होत जाणाऱ्या पात्यावर प्रत्येक कापाला 5 मिनिटे जास्त गेली असे धरले तर 25 कापांत 2 तासांहून अधिक वेळ वाया गेला. तो वेळ कोणत्याच बिलात दिसत नाही.

पण कामगाराच्या पाकिटात तो दिसतो. ज्या कार्यशाळांत चित्तरंजन पद्धतीची इन्सेन्टिव्ह योजना आहे तिथे प्रत्येक कामाला वेळ ठरवून दिलेला असतो आणि वाचवलेल्या वेळेवर बोनस मिळतो. कामाची वेळ ठरवताना हत्यार ठीक आहे असे गृहीत धरतात. हत्यार निकृष्ट दिले तर वाया गेलेला वेळ कामगाराच्या खात्यावर पडतो. म्हणजे भांडारात वाचलेले रुपये फिटरच्या बोनसमधून वसूल होतात. सबब हा प्रश्न वेतनाचाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचेच घ्यावे लागते' हे उत्तर आपल्याला नेहमी मिळते. वास्तविक नियम तसे म्हणत नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 मधील नियम 144 मध्ये खरेदीची मूलभूत तत्त्वे दिली आहेत. खात्याची नेमकी गरज लक्षात घेऊन वस्तूचा दर्जा आणि प्रकार स्पष्ट लिहावा, असे त्यात सांगितले आहे. आधी दर्जा ठरवायचा आणि त्या दर्जात जो कमी दर देईल त्याच्याकडून घ्यायचे, असा हा क्रम आहे. दर्जा न लिहिता दर पाहणे ही नियमाची अंमलबजावणी नव्हे. हॅक्सॉ ब्लेडसाठी भारतीय मानक 2594 आहे. मागणीपत्रात तो क्रमांक, पात्याचा धातू, कडक की लवचिक, लांबी आणि दात्यांची संख्या एवढे लिहायला दोन ओळी पुरतात.

म्हणून आमच्या सर्व शाखांना सूचना आहे की पुढील मागण्या शॉप कौन्सिलमध्ये आणि पी.एन.एम.च्या बैठकीत मांडाव्यात.

पहिली, प्रत्येक विभागाने आपले काम पाहून निदान तीन प्रकारच्या ब्लेडची स्वतंत्र मागणी नोंदवावी.

दुसरी, मोठी खरेदी करण्यापूर्वी नमुन्यांची चाचणी व्हावी आणि चाचणीत भांडाराचा प्रतिनिधी व सुपरवायझर यांच्याबरोबर प्रत्यक्ष कापणारा कारागीर असावा. चाचणीला खर्च नाही. पात्यांवरील नावे झाकावीत, एकाच सळईवर एकाच कारागिराने पाळीपाळीने प्रत्येक पाते चालवावे आणि किती काप झाले, किती वेळ लागला, किती दाते गेले हे लिहून सह्या कराव्यात.

तिसरी, माल सदोष निघाला तर हमीच्या कलमाखाली तो परत करावा. त्यासाठी पुरावा लागतो. तुटलेले पाते भंगारात फेकू नका. तारीख, काम आणि खोक्यावरील लॉट क्रमांक लिहून तुकडे सुपरवायझरकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

पोस्टातील बांधवांनी हा विषय रेल्वेचा म्हणून सोडून देऊ नये. मेल मोटर सर्व्हिसच्या कार्यशाळेत गाडीच्या पाट्याचा यू-बोल्ट गंजून बसला की तोच हॅक्सॉ लागतो. टपाल कार्यालयातील तराजू, प्रिंटर, शिक्के यांनाही हाच न्याय लागू आहे. जो वापरतो त्याला विचारल्याशिवाय वस्तू घेऊ नये.

मागणी करताना आपली बाजूही चोख असली पाहिजे. पाते फ्रेममध्ये लावताना दात्यांचे तोंड पुढे हवे. विंग नट हातानेच पुरेसा ताणावा, ढिले पाते वळते आणि मोडते. काप सुरू करण्यापूर्वी कानसने छोटी खाच पाडावी. पुढे जाताना दाब द्यावा, मागे येताना सोडावा, पात्याची पूर्ण लांबी वापरावी आणि गती मिनिटाला साधारण 40 ते 50 फेऱ्यांपेक्षा वाढवू नये. अर्ध्या कापात पाते बदलावे लागले तर नवे पाते जुन्या खाचेत घालू नये. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते, नवे त्यात अडकते. काम फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी. नवीन भरती झालेल्या मुलांना हे ज्येष्ठ कारागिरांनी हाताला धरून शिकवावे. तसे केले तर 'तुम्हीच मोडता' असे म्हणायला प्रशासनाला जागा उरणार नाही.

नवे खोके उघडाल तेव्हा चार गोष्टी पाहा. पाते सरळ आहे का, दाते एकसारख्या उंचीचे आणि डावी-उजवीकडे सारखे वळलेले आहेत का, दोन्ही टोकांची भोके मध्यभागी आहेत का, आणि धातू व दात्यांची संख्या पात्यावर छापली आहे का. ज्या पात्यावर काहीच छापलेले नाही त्याची जबाबदारी घ्यायला उद्या कोणी पुढे येत नाही.

पुढच्या महिन्याच्या शाखा सभेत हा विषय घ्यावा, आपल्या भांडारातील खोके एकदा सर्वांसमक्ष उघडून पाहावे आणि ठराव करून प्रशासनाकडे पाठवावा. पगारवाढीच्या लढ्याला वर्षे लागतात. मागणीपत्रावरील दोन ओळी बदलून घ्यायला शाखा एकजूट असेल तर एक बैठक पुरते.