टेन्शन म्हणजे नक्की काय?



गेल्या वर्षी पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. काही जमलं नाही. रात्रीच्या बसने बेळगावला परतलो. सकाळी बाबांनी साधंच विचारलं, "काय झालं रे?" मी ताट सरकवलं, "उगाच टेन्शन देऊ नका!" म्हणून ओरडलो आणि गाडी काढून बाहेर पडलो.

चहाच्या गाड्यावर मित्र भेटला. त्यालाही तेच, "टेन्शन आलंय." तो म्हणाला, "कसलं टेन्शन? भीती वाटायलीय, राग आलाय, का लाज वाटायलीय?" मी गप्प. थोड्या वेळाने तोंडातून निघालं, "लाज." तिकिटाला, नव्या शर्टाला बाबांनी पैसे दिले होते आणि मी हात हलवत परत आलो होतो. बाबांवर राग नव्हताच मुळी.

आपलं इथंच चुकतं. भीती, लाज, मत्सर, एकटेपणा, सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द: टेन्शन. त्यात पोरांना घरीदारी एक राग तेवढा माफ असतो. मग आतलं काहीही असो, बाहेर रागच येतो. तो निघतो आईवर, भावंडांवर, नाहीतर मोबाईलवर कुणा अनोळखी माणसाला शिव्या घालून.

मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला लोकांना सांगितलं. शब्द दिला की मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा भाग शांत होत असल्याचं दिसलं.

आणि शब्दांची आपल्याला काय कमी? धाकधूक वेगळी, हुरहूर वेगळी. रुखरुख, घालमेल, तगमग, खंत... आजीच्या तोंडी हे सगळे शब्द असायचे. पाटीवर मराठी हवी म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, ते बरोबरच आहे. पण घरात बाबांसमोर बसून "मला लाज वाटली" हे तीन शब्द त्याच मराठीत आपल्याला बोलता येत नाहीत. माझ्या मते मोठं होणं म्हणजे हे बोलता येणं. रडू न येणं म्हणजे मोठं होणं नव्हे.

नाव दिल्याने नोकरी मिळत नाही, हे खरंय. मलाही त्या दिवशी मिळाली नाही. पण संध्याकाळी बाबांना खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी जेवून घे."

आणि बोलूनही भागत नसेल, कित्येक दिवस झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर एकट्याने सोसू नका. १४४१६ हा सरकारी 'टेली मानस'चा फुकट नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोन करण्यात कमीपणा काही नाही.

आज कुणी "काय झालंय?" विचारलं, तर टेन्शन हा शब्द बाजूला ठेवून उत्तर देऊन बघा.