केडगावच्या बायकांसाठी कोणती तपासणी?

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेळेवर सापडला तर बाई वाचते, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो कोणत्या तपासणीवर पैसा आणि माणसं लावायची याचा. त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यानं मोठी किंमत मोजून दिलं आहे.

1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं तिथल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचे गावगटांनुसार, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट केले. एकाची एचपीव्ही (या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची) चाचणी, दुसऱ्याची पॅप (पेशींची तपासणी), तिसऱ्याची व्हीआयए, तीही एकदाच. चौथ्याला फक्त माहिती. आठ वर्षांत या कॅन्सरनं एचपीव्ही गटात 34 जणी दगावल्या, चौथ्या गटात 64. पॅप आणि व्हीआयए गटांत 54 आणि 56. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो.

तरीही व्हीआयए मोडीत काढता येत नाही. नर्स पातळ ॲसिटिक आम्लाचा बोळा लावते, मिनिटभर थांबते, पांढरा चट्टा उठला का पाहते. निकाल तिथल्या तिथे. तमिळनाडूत दिंडिगलला एकाच फेरीत मृत्यू 35 टक्क्यांनी घटले, मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्यावर 31 टक्क्यांनी. म्हणजे सगळी मदार नर्सच्या नजरेवर आणि तिच्या प्रशिक्षणावर. एचपीव्हीला प्रयोगशाळा लागते, खर्च येतो. शिवाय धाराशिवमध्ये दहातल्या एकीला विषाणू आढळला. बहुतेकींना कॅन्सर नव्हता, पण धसका बसायचा तो बसतोच आणि पुन्हा तपासणीला जाताना रोज बुडतो.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल टीका झाली. त्या वेळी तिथं तपासणीची सरकारी सोयच नव्हती, हा संशोधकांचा खुलासा खरा आहे. तरी मला ती टीका रास्त वाटते. म्हणूनच त्या 64 जणींच्या जिवावर मिळालेलं उत्तर 2009 साली छापून आल्यावर कपाटात राहणं मला सहन होत नाही. 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही भर आहे पाच वर्षांतून एकदा व्हीआयएवर.

केडगाव महापालिकेच्या हद्दीत आहे, वस्ती दाट आहे, नमुने गोळा करणं अवघड नाही. इथल्या प्रत्येक बाईची पस्तिशीच्या आसपास एकदा तरी एचपीव्ही चाचणी व्हावी. व्हीआयए तोवर चालू राहो, पण नर्सचं प्रशिक्षण दरवर्षी व्हावं. आणि विषाणू आढळलेल्या बाईला पुढच्या तपासणीची तारीख अहवालासोबतच हातात मिळावी.