गाणं हा अभ्यासाचा विषय असतो का?

आमच्या चाकूरकडे एखादं पोरगं चांगलं गातंय असं कळलं की सगळे तोंडभरून कौतुक करतात आणि पुढचा प्रश्न येतो, "बरं, बारावीला किती पडले?" विचारणाऱ्यांचं काही चूक नाही. लातूर पॅटर्नने आमच्या पिढीची घरं उभी केली, मीही त्याच रांगेतून इंजिनिअर झालो. पण या प्रश्नामागचं गृहीतक मला खटकतं. गाणं म्हणजे देणगी किंवा छंद, त्यात 'अभ्यास' करण्यासारखं काय असणार, हे ते गृहीतक.

जर्मन भाषेत 'लीड' नावाचा गीतप्रकार आहे. एक कविता, एक गायक आणि एक पियानो, बस्स. शूबर्ट जेमतेम ३१ वर्षं जगला (१७९७-१८२८), तेवढ्यात त्याने सहाशेच्या वर अशी गाणी रचली. त्यात पियानो गायकाच्या बरोबरीने बोलतो. आज युरोप-अमेरिकेतल्या संगीत महाविद्यालयांत असे प्राध्यापक असतात की ज्यांचं अख्खं करिअर या गाण्यांवर उभं आहे. स्वतः पियानोची साथ करायची, पोरांचे उच्चार घासून घ्यायचे, कवितेवर लिहायचं. त्यांना कुणी "पण नोकरी काय करता?" असं विचारत नाही. तीच त्यांची नोकरी!

आणि आपल्याकडे? साथीचं आपलं वाद्य म्हणजे पेटी. तिच्यावर आकाशवाणीने १९४० पासून बंदी घातली होती, ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं.

तरीही आपल्याकडे असं करिअर झालंच नाही असं मात्र नाही. डॉ. अशोक दा. रानडे (१९३७-२०११) हे नाव घ्या. गजाननबुवा जोशींकडे गाणं शिकलेला हा माणूस १९६८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचा पहिला संचालक झाला. पुढे एनसीपीएमध्ये संशोधन केलं. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा सहा कोटींत त्यांनी आपलं संगीत मांडलं. याचा अर्थ गोंधळ्याचं गाणं आणि ख्याल या दोन्हींचा विचार एकाच गंभीरपणे करायचा. मराठी नाट्यसंगीतावर त्यांचं पुस्तक १९८६ ला आलं, हिंदी चित्रपटगीतावरचं २००६ ला. आणि हे सगळं फक्त कागदावर नाही राहिलं. 'बैठकीची लावणी', 'देवगाणी' असे कार्यक्रम करून त्यांनी तो अभ्यास लोकांना ऐकवला.

काहीजण म्हणतात, चिरफाड केली की गाण्यातली मजा जाते. मला नाही पटत. चांगल्या प्रोग्रामचा कोड वाचला की तो लिहिणाऱ्याबद्दलचा आदर वाढतोच की. चाल कुठल्या शब्दावर थांबते, का थांबते, हे कळल्यावर गाणं जास्तच आवडायला लागतं.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो खरा आहे. पण रानड्यांचं करिअर एकट्याच्या हुशारीवर झालं नाही. एका विद्यापीठाने केंद्र काढलं, तिथं पद निर्माण केलं, म्हणून ते घडलं. आपल्या पट्ट्यासाठी १९९४ पासून नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आहे. आपल्या भागातली भजनं, भारुडं, गोंधळ आणि त्यातली पेटीची साथ यांवर पूर्ण वेळ काम करणारी चार पदं मागणं म्हणजे फार काही मागणं नव्हे.

आणि आपण आयटीवाले? जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी हिंडून त्या गोळा केल्या. त्यांच्या कामात पुढे बर्नार्ड बेल हा संगणकाचा जाणकार आला आणि लाखावर ओव्यांचा डेटाबेस उभा राहिला. म्हणजे आपल्या धंद्याचीही इथं गरज आहे!

तेव्हा पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना विचारा, ही चाल कुणाकडून शिकलात? परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि फाईलला नाव देताना गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख नक्की लिहा. अभ्यास करणारा उद्या येईल, पण ते काका उद्या असतीलच असं नाही.