पागा आणि कुंपण

शहर सोडावे, गावाकडे कौलारू घर बांधावे, पुढे थोडी शेती असावी आणि दाराशी दोन घोडे असावेत, असे मनोराज्य रंगविणारी कुटुंबे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. २०२० मध्ये महामारीने कार्यालयांची दारे बंद केली आणि संगणकापुढचे काम कोठूनही होऊ शकते हे अनेकांना प्रथमच कळले. तेव्हापासून मुळशी, मावळ, भोर, कर्जत, दापोली या बाजूंना जमिनीची चौकशी करणाऱ्यांची रीघ लागली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची सुमारे पंचेचाळीस टक्के लोकसंख्या नागरी होती. यांपैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा गावातूनच शहरात आलेले. तेव्हा ही ओढ परकी नाही आणि तिची टिंगल करण्याचेही कारण नाही. मात्र जायचे आहे ते गावात राहायला की गावाच्या उरावर बंगला बांधायला, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वत:ला विचारायला हवा. घोडा या प्रश्नाची कसोटी उत्तम घेतो.

गाय नाही, कुत्रा नाही, घोडाच का हवा? याचे उत्तर मराठी माणसाच्या मनात खोलवर आहे. ज्या भाषेत खोगीरभरती होते, वरातीमागून घोडे धावते आणि घोडामैदान नेहमीच जवळ असते, जिथे पागनीस आणि पागे ही आडनावे रोजच्या हजेरीपटावर असतात, त्या समाजाला घोड्याची भूल पडणे स्वाभाविक आहे. शब्द राहिले, घोडा मात्र गेला. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट! शहरी मुलाला घोडा दिसतो तो माथेरानला, लग्नाच्या वरातीत, नाहीतर पालखी सोहळ्यातील रिंगणात. मुंबईच्या रस्त्यांवरील हौशी घोडागाड्याही जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या, आणि त्या निर्णयामागे तबेल्यांतील जनावरांची दैना होती हे विसरता येत नाही. घोड्यावर प्रेम करणारे पुष्कळ असतात, घोडा सांभाळणारे थोडे.

सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याला घोडा पाळायचा आहे त्याने आधी नीट समजून घ्यावे. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडा चारा लागतो, पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन वेळा भरपेट घालून मोकळे होता येत नाही. दिवसभर थोडे थोडे चरणे हाच त्याचा धर्म. त्याला ओकता येत नाही. बुरशी आलेले गवत, अवेळी दिलेली चंदी, घाईने पाजलेले पाणी यांतून पोटशूळ उठतो आणि काही तासांत जनावर दगावू शकते. खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी व्हावी लागते. खरारा रोजचा. लीद रोजची. पावसाळ्यात माश्यांतून सर्रा हा रोग पसरतो, आणि ग्लँडर्स झालाच तर तो माणसालाही होतो, म्हणून कायद्यानेच ते जनावर नष्ट करावे लागते. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवला की तो खंगतो. आणि हे सारे एक-दोन वर्षांचे काम नव्हे, घोडा पंचवीस वर्षे जगतो. शुक्रवारी रात्री येऊन रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या मालकाचा आणि या जीवनक्रमाचा मेळ कसा बसायचा?

बसत नाही, म्हणून गडी ठेवला जातो. गावातला एखादा तरुण, ज्याला घोड्याची काहीच माहिती नाही, तो महिन्याच्या पगारावर मोतद्दार होतो. मालक समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकतो आणि घोड्याला ओळख असते ती गड्याच्या हाताची. शिवकालीन सैन्यात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वत:चा घोडा आणि स्वत:ची हत्यारे घेऊन येई, म्हणून त्या घोड्याच्या दाणापाण्याची चिंताही त्याचीच असे. आजच्या हौशी शिलेदाराला मिरवायची असते शिलेदारी, पण चिंता हवी असते बारगिराची.

छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र शाळेपासून अनेकांच्या कानांवरून गेलेले असते. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, एवढाच त्याचा भाग सभा-संमेलनांतून सांगितला जातो. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या वैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा, गवत आताच वाटेल तसे खर्च केले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग लष्कर कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, भाकरी, गवत काढू लागेल आणि मोगल बरे होते असे म्हणण्याची वेळ रयतेवर येईल, असा त्याचा रोख आहे. गवताच्या गंजीला ठिणगीने आग लागू नये, दिव्याची वात उंदराने ओढून नेऊ नये, इतक्या बारकाईपर्यंत ते जाते. राज्यकर्त्याने घोड्याच्या पोटाचा आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पोटाचा विचार एकाच दमात केला, हे त्या पत्राचे खरे मोठेपण.

हा हिशेब आजही बदललेला नाही. कोकणात किंवा मावळात घर घेऊन दोन घोडे ठेवायचे तर पावसाच्या चार महिन्यांसाठी दर जनावरामागे जवळपास टनभर कोरडी वैरण उन्हाळ्यातच भरून, ओल लागणार नाही अशा जागी रचून ठेवावी लागते. कडबा देशावरून आणायचा, तर भाव दुष्काळ ठरवितो. ज्या वर्षी माण-खटावमध्ये छावण्या उघडाव्या लागतात, त्या वर्षी हौसेच्या घोड्यासाठी चढ्या भावाने उचललेला कडबा कोणाच्या तरी बैलाच्या दावणीतून गेलेला असतो. ठाणाखालची जमीन सतत ओली राहिली तर खूर कुजतात. घराचा नकाशा काढताना दिवाणखान्याच्या काचा कोणत्या दिशेला हव्यात यावर तीन बैठका होतात, वैरणीच्या कोठीची जागा मात्र वास्तुविशारदाला आठवत नाही.

त्याआधी जमिनीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीवाचून विकत घेऊ देत नाही. कर्नाटकाने अशी बंधने २०२० मध्ये दूर केली, तर गोव्याने उलट २०२३ मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे कायदा आहे, आणि त्याला वळसा घालून देणारे दलालही आहेत. दूरच्या नातेवाइकाच्या सातबाऱ्यावर नाव चढवून शेतकरी होणे, कोणाच्या तरी नावावर जमीन घेऊन ठेवणे, हे प्रकार सुशिक्षित घरांत चहाच्या वेळी हसत हसत सांगितले जातात. राष्ट्रभक्तीवर तासभर बोलणाऱ्यालाही यात काही वावगे वाटू नये, ही चिंतेची गोष्ट आहे. निसर्गात जाऊन शुद्ध जीवन जगायचे, आणि त्याचा पहिला कागदच खोटा!

जमीन घेतली की दुसरे काम कुंपणाचे. येथे गावाचा आणि नवागताचा खरा संबंध ठरतो. गावात वाट ही नेहमी कागदावर असतेच असे नाही. बांधावरून गुरे ओढ्याला जातात, बायका सरपणाला जातात, पावसाचे पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरते. तारेचे कुंपण, मग दगडी भिंत, मग विजेवर सरकणारे फाटक, आणि तीन पिढ्यांची वहिवाट एका उन्हाळ्यात बंद होते. मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा अडविलेली वाट आणि अडविलेले पाणी मोकळे करण्याचा अधिकार तहसीलदाराला देतो, पण मोलमजुरी करणारा माणूस वकिलासह आलेल्या शेजाऱ्याविरुद्ध किती खेटे घालणार? गायरानांची गोष्ट तर आणखी नाजूक. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पंजाबातील एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. तरीही गायराने आक्रसतच आहेत.

आणि गायरान आक्रसले की पहिला फटका बसतो तो या मातीतल्या घोड्यालाच. भीमथडीचे नाव राज्यगीतात आहे. २०२३ मध्ये ते गीत अधिकृत झाल्यापासून शाळाशाळांतून घुमते. पण भीमथडी तट्टू प्रत्यक्ष पाहिलेले किती असतील? भीमेच्या काठावरचे हे आखूड, काटक, दगडधोंड्यांतून न थकता चालणारे जनावर मराठी फौजांचा कणा होते. स्वराज्य गेले, पागा मोडल्या, तरी ते टिकले. ते टिकविले धनगरांनी. बारामती, इंदापूर, फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरांसह घाट उतरून कोकणाकडे जातात, पावसाआधी परततात, आणि त्यांचे सारे बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरे, कोंबड्या, प्रसंगी लेकरे, या तट्टांच्या पाठीवर असते. कोणत्याही संस्थेचे अनुदान नसताना, कोणी नोंद ठेवत नसताना त्यांनी हा वंश चालविला. २०२४ च्या प्रारंभी राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची देशातील आठवा अश्ववंश म्हणून नोंद केली. तोवर सरकारी दप्तरात हा घोडा नव्हताच.

हौशी माणसाची नजर मात्र या तट्टाकडे वळत नाही. त्याला हवा असतो कानांची टोके जुळणारा मारवाडी, किंवा शर्यतीतून निवृत्त झालेला उंच, पातळ कातडीचा जातिवंत घोडा, ज्याला कोकणाचा दमटपणाही सोसत नाही आणि सह्याद्रीची चढणही. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत कोणत्या घोड्याला किती लाखांची मागणी आली, याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांचा बाजार भरतो. तट्टाची बातमी होत नाही. वस्तुत: ज्याला चार-पाच एकरांत, साध्या वैरणीवर, पोराबाळांना बसता येईल असा घोडा हवा, त्याच्यासाठी याहून योग्य जनावर शोधून सापडणार नाही. आणि ते घ्यायचे तर ज्याने राखले त्याच्याकडून, योग्य दाम देऊन, त्याच्या अनुभवाचे चार शब्द ऐकून घ्यावे. अशी गिऱ्हाइके वाढली तर धनगराच्या पोराला शिंगरू विकण्याऐवजी घोडी राखावीशी वाटेल. नालबंदाच्या मुलालाही बापाचा धंदा पोटापुरता दिसेल. आज तालुक्यागणिक एक नालबंद सापडणे कठीण आहे आणि खूर छाटायला माणूस शहरातून मोटारीने बोलवावा लागतो.

हे सारे करून, संपूर्ण कुटुंबासह, आठवड्याचे सातही दिवस गावात राहणारी माणसे आहेत. ती थोडी आहेत, पण आहेत. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, शाळेआधी ठाण झाडतात. आजारी आईला रात्री तालुक्याला न्यायचे तर शेजाऱ्याची जीप मागतात आणि शेजाऱ्याच्या पेरणीला स्वत: उभी राहतात. त्यांच्या घोड्यांची लीद गावच्या उकिरड्यात जाते आणि त्यांच्या विहिरीवर उन्हाळ्यात वस्तीचे हंडे लागतात. त्यांच्या कुंपणाला मुद्दाम ठेवलेली एक फट असते, जिच्यातून मेंढरांचा वाडा तट्टांसह पलीकडे जाऊ शकतो. जमिनीच्या मोजणीत ही वाट नकाशावर येत नाही. ती गावात विचारावी लागते, आणि ती विचारायला दिवाळीनंतर, वाडे घाट उतरू लागतात त्या दिवसांत, तेथे असावे लागते.