गोदामातील यंत्र कोणासाठी?

लातूर व नांदेडच्या मोंढ्यांत सोयाबीन आणि तुरीची आवक वाढली की गोदामांत पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतात. नोंदणीकृत गोदामांची पावती २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली. तेव्हा थप्पीची नोंदही वहीऐवजी हातातील यंत्रावर होणे क्रमप्राप्तच आहे. तथापि, यंत्र निवडताना केवळ किंमत पाहणे अदूरदर्शीपणाचे ठरेल. साधा स्मार्टफोन स्वस्त खरा. परंतु धूळ, पत्र्याखालचा उष्मा आणि वारंवार पडणे त्याला सोसवत नाही. भक्कम बांधणीचे, नेटवर्क नसतानाही नोंद जपणारे यंत्रच अखेरीस परवडते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मजुरीचा आहे. हमाली पोत्यांच्या हिशेबाने मिळते. म्हणजे हे यंत्र मालाबरोबर श्रमाचेही मोजमाप करणार. हमालांच्या नोकरीचे नियमन व कल्याण व्हावे म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्या कायद्याचा हेतू जपायचा, तर यंत्रावरील आकडा हमालाला मराठीत आणि त्याच वेळी पाहता आला पाहिजे. म्हणून खरेदीचा निर्णय कार्यालयात होण्यापूर्वी ते यंत्र आठवडाभर हमालांच्या हाती द्यावे आणि त्यांचे म्हणणे ऐकावे.