सुगी तुमची, हंगाम पोराचा

शेतकरी मंडळी, दसरा-दिवाळीच्या बाजाराला सोलापुरात आलात की नव्या पेठेत एक चक्कर ठरलेलीच. कापडचोपड होते, चपला होतात. मग कॉलेजात जाणारा पोरगा बास्केटबॉलच्या बुटांपाशी थबकतो. किंमत ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे खताची पोती येतात. "शिकायला पाठवलंय, हे खूळ कशाला?" म्हणत तुम्ही पुढे निघता. रागावू नका, पण आज त्या खुळाविषयीच लिहायचे आहे.

कॉलेजच्या मुलांच्या संघाचा हंगाम असतो तरी किती? आंतरमहाविद्यालयीन सामने पहिल्या सत्रात, आणि बहुधा बाद पद्धतीने. हरला की घरी. खेळ चाळीस मिनिटांचा. पहिलाच सामना गेला तर त्या संघाचे वर्ष तिथेच आटोपले. अमेरिकेत कॉलेजचा संघ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तीसेक सामने खेळतो. तिथला पोरगा हरत हरत शिकतो. आमच्या पोराला धड हरायलाही मिळत नाही!

आणि हे सामने येतात कधी? ऐन सुगीत. उडीद निघालेला, सोयाबीन काढणीला, मालदांडीची पेरणी वाफशासाठी खोळंबलेली, नान्नजकडे द्राक्षाची गोडी छाटणी. मजूर मिळत नाही. बाप म्हणतो, चार दिवस रानात ये. त्यात बापाचे काय चुकले? वाफसा काही विद्यापीठाचे वेळापत्रक बघून येत नाही. बरे, पोरगा कॉलेजात राहिला तरी सराव संध्याकाळी, आणि गावाची शेवटची एसटी गाठायची असते. सरावाला जो हजर तोच संघात, हा मास्तरांचा नियमही खोटा नाही. मग संघ भरतो तो शहरातल्या पोरांनी.

यावर उपाय आहे. 2004 साली सोलापूरचे वेगळे विद्यापीठ झाले. त्याआधी आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. आता विद्यापीठ एका जिल्ह्याचे. बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला, कुठूनही सकाळी निघून रात्री घरी येता येते. विद्यापीठाच्या संघाची निवड आधी होते ती होऊ द्या. पण दिवाळीनंतर, पेरण्या उरकल्यावर, दर रविवारी कॉलेजा-कॉलेजांत साखळी सामने का होऊ नयेत? खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि दुपारच्या जेवणाचा. पालक म्हणून तुम्ही प्राचार्यांना एवढे विचारा. फी तुम्हीच भरता.

नोकरीचाही प्रश्न आहेच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असते. पण कॉलेजच्या पहिल्या फेरीत खेळल्याचा कागद तिथे चालत नाही. त्याच्या कितीतरी वर जावे लागते, आणि एका सामन्याच्या हंगामात तेवढा खेळ अंगी येत नाही.

ग्रामसेवक भाऊसाहेब आणि सरपंच, आता तुमच्याकडे वळतो. कबड्डी, खो-खोला माती चालते, बास्केटबॉलला चालत नाही. काळ्या रानात चेंडू उसळतच नाही. मैदान लागते 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद, म्हणजे चार गुंठ्यांच्या थोडे वर. कडेची मोकळी जागा धरून सहा गुंठे. शाळेजवळ एवढे गायरान किंवा गावठाण पुष्कळ गावांत निघेल. विकास आराखड्यात हे काम घाला. मात्र काळी माती उकरून मुरूम चांगला दाबल्याशिवाय वर काँक्रीट टाकू नका, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडतील.

काँक्रीट झाले की त्यावर सोयाबीन वाळत पडणार, हे मलाही दिसते आहे. पडू द्या. डांबरी रस्त्यावर मळणी करून मोटारसायकलवाल्यांचे हातपाय मोडण्यापेक्षा ते बरे. फक्त पाच वाजता रास करून ताडपत्री टाका आणि मैदान झाडून घ्या, कारण भुसकटावर पाय घसरतो.

सगळे मैदान एकदम झाले नाही तरी एका बाजूचा खांब उभा करता येतो. फळीला लोखंडी कडे, आतून 45 सेंटिमीटर, जमिनीपासून दहा फुटांवर. तुमच्या गावच्या वेल्डिंगवाल्याला ते एका दिवसाचे काम आहे. रविवारी घरी आलेला पोरगा निदान चेंडू टाकायला तरी लागेल.