विमानतळावरचा चहा

एखादी जागा कोणासाठी बांधली आहे, हे तिथल्या चहाच्या दरावरून ओळखावे. एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये हमाल आणि हेडमास्तर एकाच बाकावर बसून चहा पितात. विमानतळाची तऱ्हा वेगळी. दोन तास आधी हजर व्हायचे, आणि सुरक्षा तपासणी झाली की कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन येण्याची सोय नाही. 2018 साली चेन्नई विमानतळावर माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांना चहाचे 135 आणि कॉफीचे 180 रुपये सांगण्यात आले. चहा म्हणजे गरम पाणी आणि एक पुडी! त्यांनी तो नाकारला व तसे जाहीरपणे लिहिले. देशाचा अर्थसंकल्प मांडणाऱ्याची ही गत, तिथे आम्हा पेन्शनरांची काय कथा?

तरीही दुकानदाराला लुटारू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बँकेत असताना हॉटेलांची कर्जप्रकरणे पुष्कळ पाहिली. दुधासाखरेपेक्षा जागा महाग असली की कपाची किंमत जागाच ठरवते. विमानतळावर दुकानदाराला किमान भाडे किंवा विक्रीतला हिस्सा मोजावा लागतो. 2006 साली मुंबई विमानतळ खासगी कंपनीकडे गेला, तेव्हा तिने उत्पन्नातला 38.7 टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला द्यावा असे ठरले. 2016 च्या धोरणानुसार दुकाने, जाहिराती वगैरेंच्या उत्पन्नाचा 30 टक्के भाग विमानतळाचे आकार कमी ठेवण्यासाठी धरला जातो. म्हणजे आपल्या कॉफीतले चार घोट धावपट्टी पिते म्हणायचे!

हिशेब चोख आहे. पण तो अडलेल्या माणसाकडून वसूल का करावा? अत्तरावर, घड्याळांवर लावा हवा तेवढा नफा. तहानभूक ही चैन नव्हे. मागे एका विमानतळावर नऊवारीतल्या आजी दरफलकापुढे थबकल्या. "एका कपाचे का रे एवढे?" त्यांनी नातवाला विचारले, आणि लगेच "मला मेलं कॉफी सोसत नाही," म्हणून खुर्चीत जाऊन बसल्या. नंतर बराच वेळ त्या इतरांच्या कपांकडे पाहत होत्या.

डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारने 'उडान यात्री कॅफे' उघडला. पाणी 10 रुपये, चहा 10, कॉफी 20, सामोसा 20. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईतही आला. म्हणजे इच्छा असली की जमते. असा एक तरी गाळा प्रत्येक विमानतळावर, तपासणीच्या आत, विमानाच्या दाराजवळ असावा, आणि तो निविदेतच लिहिलेला असावा. रेल्वे फलाटावरच्या पाण्याचा दर ठरवते, मग इथे कसला संकोच?

तोवर डबा न्यावा. कोरडे घरचे खाणे आत नेता येते. पिण्याच्या पाण्याचे नळही असतात, बहुधा स्वच्छतागृहाला खेटून. आमची सौ. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते. मुलगा दबक्या आवाजात म्हणतो, "बाबा, इथे नका उघडू." मी उघडतो. परवा शेजारचा टायवाला गृहस्थ दोनदा वळून पाहू लागला, तेव्हा त्याला एक दशमी दिली. हातातली महागडी कॉफी बाजूला ठेवून त्याने ती खाल्ली आणि विचारले, "चटणी घरची का?"